इंग्लंडचे मार्क

वेल्डिंगचा सांधा एका थरात होत नाही. आधी मुळाचा थर, त्यावर भरणीचे थर, आणि शेवटी वरचा, जो लोकांना दिसतो. मुळाचा थर सगळ्यात जिकिरीचा आणि तोच सगळ्यात आधी झाकला जातो. पद्माकर हळदणकरने सिंगापूरच्या उत्तर टोकाला एका शिपयार्डात उमेदीची सगळी वर्षं या मुळाच्या थरावर घालवली. जहाजाच्या टाकीत शिरायचं, गुडघे छातीशी घ्यायचे, घामाने डोळे चुरचुरत असताना हात हलू द्यायचा नाही. सांध्यावर त्याचा नंबर दिसला की एक्सरे काढून तपासणारा फिल्म नीट न बघताच सही करतो, असं लोक म्हणायचे. पद्माकरला ते आवडत नसे. बघायचा पगार घेतो तर त्याने बघितलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

वरचा थर माशाच्या खवल्यांसारखा देखणा काढणारे यार्डात पुष्कळ होते. आत पोकळ ठेवून वर नक्षी काढणाऱ्याला पद्माकर एकच शब्द वापरायचा, पाट्या टाकणारा. माझगावच्या गोदीतून येताना त्याने तो शब्द बरोबर आणला होता. त्याचे तमिळ आणि चिनी साथीदारही पुढे एकमेकांना त्याच शब्दाने शिव्या देऊ लागले.

दोन वर्षांसाठी म्हणून आला आणि राहिला. मालवणहून उर्मिलाला आणलं, तोआ पायोहला तीन खोल्यांचा फ्लॅट झाला, मीनल झाली. एकच मुलगी. फुप्फुसं कुरकुरायला लागली तेव्हा डॉक्टरने काम बंद करायला सांगितलं, आणि पद्माकर पन्नाशीच्या पुढे घरी बसला.

घरी बसलेला माणूस घराकडे बघतो. पद्माकर भांड्यांची बुडं बघायचा. उर्मिला म्हणायची, "अहो, पाहुणे वरण खातात, पातेलं उलटं करून बघत नाहीत." तो बूड घासायला घ्यायचा. मीनलच्या बाबतीत मात्र हे आधीपासूनच होतं. गणिताच्या वहीत कच्चं काम करायला मागचं पान असतं. सगळी मुलं तिथे रेघोट्या मारतात. मीनलचं मागचं पान पुढच्या पानासारखं लागायचं. नाहीतर पान फाटायचं आणि गणित पहिल्यापासून. ती रडायची, पण करायची. पुढे पुढे रडेनाशी झाली. केमिस्ट्रीत तिचा हात बसला तो असा. प्रयोगशाळेत तिची नळी सांडली नाही, तिचा आकडा चुकला नाही. विद्यापीठात गेली तेव्हा पद्माकरने यार्डातल्या जुन्या माणसांना कॉफी पाजली आणि मुलीबद्दल एक शब्द न बोलता परत आला. न बोलताही त्यांना ते कळलं होतं.

तिथल्या मराठी मंडळात परचुरे म्हणून एक गृहस्थ होते. विनायक परचुरे, बँकेत मोठ्या जागेवर, राहायला पैसेवाल्यांच्या खासगी कॉन्डोत. त्यांची राधिका मीनलच्याच वर्गात होती, म्हणून दोन्ही घरांत येणंजाणं. परचुरे माणूस मोकळा. पद्माकर दिसला की चारचौघांत म्हणायचे, "या, विश्वकर्मा आले. आता खुर्च्यांचे पाय तपासून घ्या रे." लोक हसायचे. पद्माकरही ओठ ताणायचा. एकदा मंडळाच्या स्टेजचा लोखंडी सांगाडा त्याने खरोखरच वाकून तपासला होता आणि दोन जागी टाके मारून दिले होते, त्यावरून ही थट्टा. राधिका बापासारखीच. हुशार, हसरी, कुठे किती जोर लावायचा हे बरोबर ओळखणारी.

तिसऱ्या वर्षाचा दुसरा अर्धा भाग इंग्लंडच्या एका विद्यापीठात करायचा, तिथली मुलं इकडे यायची, अशी अदलाबदल या विद्यापीठात चालायची. त्या वर्षी दोघींचीही निवड झाली. इंग्लंडच्या उत्तरेला एक गाव, जुनं विद्यापीठ. उर्मिलाने लोकरीचे कपडे शोधायला अर्धं सिंगापूर पालथं घातलं. ज्या बेटावर पंखा बंद झाला तर जीव जातो, तिथे लोकर मिळवणं सोपं नव्हतं.

जायच्या आधी कुठले विषय तिकडे घ्यायचे आणि कुठले इकडे ठेवायचे, हे ठरवून द्यावं लागे. एका रविवारी दोघी हळदणकरांच्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. पद्माकर खिडकीशी पेपर वाचत होता. वाचत होता म्हणजे पेपर समोर होता. राधिका सगळं खुलासेवार सांगत होती. तिकडचे मार्क इकडच्या डिग्रीत धरत नाहीत. पास झालं की झालं, मार्कशीटवर एवढंच लागतं. म्हणून जे दोन विषय सगळ्यांना पाडतात, ज्यांना वर्गातली मुलं दोन धोंडे म्हणतात, ते तिकडे न्यायचे. तिथे कसंबसं पास व्हायचं. आणि जे हातखंडा विषय आहेत ते शेवटच्या वर्षाला इथे ठेवायचे, म्हणजे त्यांचे चांगले मार्क मोजले जातील आणि पहिला वर्ग येईल. मीनल मान डोलावत होती. तिने पेन्सिलीने दोन्ही धोंड्यांपुढे इंग्लंड लिहिलंसुद्धा.

पद्माकरने पेपर खाली ठेवला.

"म्हणजे अवघड काम कुणी मोजत नाही तिथे करायचं," तो म्हणाला, "आणि सोपं मोजतात तिथे."

राधिका हसली. "काका, सगळेच करतात. सर पण हेच सांगतात."

"मोजत नसतील तर शिकवतात कशाला?"

"बाबा, ते शिकवतात. इथे काउंट होत नाही एवढंच, लाह," मीनल सिंगापुरी पोरांच्या लकबीत म्हणाली.

पद्माकरने पुन्हा पेपर घेतला. राधिका जाईपर्यंत तो त्याच पानावर होता. ती गेल्यावर त्याने लेकीला समोर बसवलं.  मार्क धरत नाहीत ही पळपुट्या पोरांनी उठवलेली आवई आहे, असं त्याचं पक्कं मत होतं. इंग्रज असे कसे फुकट शिकवतील? मार्क देतील तर कुठेतरी लागतीलच. आज नाही तर उद्या कोणीतरी ते बघेलच. आणि समजा नाही धरले, तरी धोंडा उचलायचा तर समोरून उचलावा. आडोशाला नेऊन ढकलणं म्हणजे पाट्या टाकणं. मीनलने सरांचं नाव सांगितलं, नियम काढून दाखवला. त्याने नियम वाचला. वाचून म्हणाला की नियम कामचुकारांसाठी असतात.

तिने नियमाचा कागद घडी करून ठेवला. उर्मिला आतून म्हणाली की तिच्या अभ्यासातलं तिला जास्त कळतं. पद्माकर म्हणाला, अभ्यासातलं कळत असेल, कामातलं मला कळतं.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. हळदणकरांच्या घरी ही पूजा दसऱ्यापेक्षा मोठी. पद्माकरचे वाडवडील मालवणला होड्या बांधायचे. पाटावर हत्यारं मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि घरातल्या प्रत्येकाने येत्या वर्षभरातलं आपलं सगळ्यात कठीण काम हत्यारांसमोर मोठ्याने बोलायचं, ही त्यांची रीत. बोललेलं मागे घ्यायचं नाही. पद्माकरने ती रीत सातासमुद्रापार आणली होती. पाटावर वेल्डिंगचा होल्डर, चिपिंग हातोडी, तारेचा ब्रश, उर्मिलाची विळी आणि मीनलची पुस्तकं. उर्मिला दरवर्षी कुठल्यातरी लोणच्याचं नाव घेऊन सुटका करून घ्यायची. पद्माकर आता कामावर नव्हता. तो म्हणाला, सिगारेटचा विचारसुद्धा करणार नाही.

मग मीनलची पाळी आली. ती पुस्तकांकडे बघत उभी राहिली. बापाने तिला काही सांगितलं नाही. नुसता बघत होता. त्याच्या त्या बघण्याची तिला लहानपणापासून सवय होती. पान फाडण्याआधी तो असाच बघायचा, आणि पान फाडायचं नसलं तरी असाच बघायचा. तो बरं म्हणेल म्हणून ती आयुष्यभर राबली होती. एकवीस वर्षांच्या मुलीला हे सोडता आलं असतं तर बरं झालं असतं.

"दोन्ही धोंडे मी इथेच घेईन," ती म्हणाली. "शेवटच्या वर्षाला."

"बरं," पद्माकर म्हणाला आणि आरतीला ताम्हण उचललं. उर्मिलाच्या हातातली घंटा जरा उशिरा वाजली.

मीनल इंग्लंडला आपले हातखंडा विषय घेऊन गेली.

दर रविवारी ती फोनकार्ड वापरून फोन करायची. थंडी आहे, चार वाजता अंधार पडतो, भात मिळतो पण चिकट. पद्माकर हे सगळं ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, काम कसं आहे. पहिल्या परीक्षेचे मार्क आले तेव्हा तिचा आवाज वेगळाच होता. चौऱ्याहत्तर, ती म्हणाली.  त्याच्या मुलीला शंभरात इतके कमी कधीच नव्हते.

तिने समजावून सांगितलं की इथे सत्तरच्या वर पहिला वर्ग, ऐंशी कुणाला देतच नाहीत. सरांनी वर्गात तिचं नाव घेतलं. त्याने विचारलं, पेपर शंभराचा आहे ना? हो, ती म्हणाली. मग सव्वीस कुठे गेले ते बघ, तो म्हणाला आणि फोन उर्मिलाकडे दिला. उर्मिलाने तिला जेवलीस का विचारलं. मीनल म्हणाली, जेवले. आवाजावरून उर्मिलाला कळलं की जेवली नव्हती.

ईस्टरची सुट्टी लागली. सिंगापूरहून आलेली सगळी पोरं पाठीवर पिशव्या टाकून निघाली. राधिकाने आधीच सगळं जमवून ठेवलं होतं, पॅरिस, प्राग, कुठे बसने, कुठे स्वस्तातल्या विमानाने. मीनलचीही जागा धरली होती. मीनल गेली नाही. ती सव्वीस मार्क शोधत बसली. सुट्टीत ओस पडलेल्या वसतिगृहात ती एकटीच मराठी, एकटीच सिंगापुरी, खाली एक राखणदार आणि वर ती. दिवसभर प्रयोगशाळेत. हे तिथल्या एका प्राध्यापिकेच्या नजरेला आलं. बाई स्वतः कामाला वाघ. त्यांनी मीनलला आपल्या प्रयोगात घेतलं, आणि ती निघताना सांगितलं की डिग्री झाली की माझ्याकडे पीएचडीला ये. पैसे सिंगापूरची शिष्यवृत्ती देईल, मी जागा ठेवते. अट एकच, पहिला वर्ग हवा. शिष्यवृत्तीवाले त्याच्या खाली बघतच नाहीत.

मीनल परत आली ती हे घेऊन. चांगी विमानतळावरून घरी येईपर्यंत तिला धीर नव्हता, टॅक्सीतच सांगितलं. बाई कशा बोलतात, प्रयोगशाळेच्या खिडकीतून नदी कशी दिसते, पुढच्या वर्षी याच वेळी ती तिथे कशी असेल. शेवटच्या परीक्षेत तिला अठ्ठ्याहत्तर होते. त्या वर्षी त्या वर्गात कुणालाच तेवढे नव्हते, इंग्रज मुलांनाही नाही. पद्माकरने ते मार्कशीट दोन्ही हातांनी धरून वाचलं.

"बघ," तो उर्मिलाला म्हणाला. "काम दिसल्याशिवाय राहतं का."

सिंगापूरच्या विद्यापीठाने त्या सगळ्याच्या जागी एकच शब्द छापला, पास. राधिकाच्या मार्कशीटवर तोच शब्द होता. ती धोंड्यांत चाळीस-पंचेचाळीस मार्कांवर सुटली होती.

मग शेवटचं वर्ष. प्रबंध होता, आणि दोन धोंडे. त्या दोन विषयांत मीनलची बुद्धी कमी पडत होती असं नाही. पण ते विषय वेळ खाणारे, आणि वेळ प्रबंधाला हवा होता. हातखंडा विषय हाताशी असते तर तिने ते सहज सांभाळले असते आणि वर मार्क कमावले असते. ते इंग्लंडमध्ये खर्च झाले होते. ती पहाटे उठायची, टेबलाशीच झोपायची. अंगावरचं मांस उतरलं. उर्मिला कंगव्यात अडकलेले तिचे केस बघायची आणि नवऱ्याच्या समोर धरायची. पद्माकरला वाईट वाटायचं. पण खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटायचं. त्याची मुलगी त्याच्यासारखी काम करत होती. दूध गरम करून तो स्वतः तिच्या टेबलावर ठेवायचा आणि पावलं न वाजवता निघून जायचा. त्याच्या आयुष्यातला तो चांगला काळ होता.

राधिकाचा वेळ प्रबंधाला मोकळा होता. ती संध्याकाळी पोहायला जायची.

निकाल लागला. धोंड्यांनी मीनलला खाली ओढलं. फार नाही, केसाएवढं. पण पहिल्या वर्गाची रेघ त्या केसाच्या वर होती. तिला दुसरा वर्ग मिळाला. राधिकाला पहिला.

इंग्लंडच्या बाईंनी लगेच उत्तर पाठवलं, मनापासून लिहिलेलं. त्यांना हे समजतच नाही, त्यांच्या वर्गात पहिली आलेली मुलगी पहिल्या वर्गात कशी नाही. पण शिष्यवृत्तीशिवाय त्यांचे हात बांधलेले होते. मीनलने ते वाचलं आणि आंघोळीला गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. उर्मिला दाराशी उभी राहिली, आणि पद्माकर उर्मिलाच्या मागे. मीनल बाहेर आली तेव्हा दोघांना ओलांडून खोलीत गेली.

दोन दिवसांनी पद्माकरने इस्त्रीचा शर्ट घातला, इंग्लंडचं मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत घेतलं आणि कुणाला न सांगता विद्यापीठाच्या कचेरीत गेला. खिडकीमागे एक तरुण चिनी मुलगी होती. तिने कागद नीट वाचला. व्हेरी गुड मार्क्स, अंकल, ती म्हणाली. मग हळूच सांगितलं की हे धरता येत नाहीत, कधीच धरत नाहीत. मुलांना जाण्याआधीच सांगितलेलं असतं. अंकलच्या मुलीलाही सांगितलं असेल. एव्हरीबडी नोज.

"तिला सांगितलं होतं," पद्माकर म्हणाला. "तिने मला सांगितलं होतं."

मुलीने कागदाची घडी नीट केली. तिने कागद परत पिशवीत घालून दिला. घरी येताना पद्माकर दोन स्टेशनं पुढे गेला आणि उलट्या गाडीने परत आला.

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला परचुऱ्यांनी पेढे वाटले. राधिका त्याच शिष्यवृत्तीवर जायची होती, इंग्लंडच्याच दुसऱ्या एका विद्यापीठात. कुणीतरी विचारलं, काय हो, रहस्य काय पोरीच्या यशाचं? परचुरे म्हणाले, "प्लॅनिंग. हल्लीची पोरं आपल्यापेक्षा शहाणी. धोंडे इंग्लंडला नेऊन टाकले." सगळे हसले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पद्माकर शेजारीच पेढा हातात घेऊन उभा होता.

"आमच्या मीनलने समोरून घेतले," तो म्हणाला. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. "एकही विषय चुकवला नाही. इंग्लंडमध्ये पहिली आली, आणि इथे दोन्ही धोंडे समोरून."

लोक हातातल्या पेढ्यांकडे बघायला लागले. मग एक बाई म्हणाल्या, वा, छान. परचुऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मीनल प्रसादाचं ताट घेऊन चार पावलांवर होती. तिने सगळं ऐकलं. ताट टेबलावर ठेवलं आणि चपला घालून एकटीच स्टेशनकडे निघून गेली.  घराच्या लिफ्टमध्ये उर्मिला नवऱ्याला म्हणाली, "तिची जखम तुम्ही पदकासारखी लावून मिरवता."

त्यानंतर पद्माकरने आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. यार्डात इतकी वर्षं असताना त्याने फोरमनकडे ओव्हरटाइमसुद्धा तोंडाने मागितला नव्हता. पुतण्याला चिकटवून घ्या म्हणून गावाहून निरोप आले, ते त्याने परत पाठवले होते. तो परचुऱ्यांच्या कॉन्डोत गेला. रखवालदाराने नाव विचारलं, वर फोन केला, मग सोडलं. परचुरे घरच्या कपड्यांत होते. पद्माकर खुर्चीच्या कडेला बसला आणि भिंतीकडे बघत म्हणाला की मीनल महिनोन्‌महिने घरात बसून आहे. वन-नॉर्थला संशोधनाच्या कचेऱ्या आहेत, तुमची ओळख असेल.

परचुऱ्यांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "अहो पद्माकरराव, एवढंच ना? आधी का नाही बोललात?" तिथल्या एका प्रयोगशाळेचा प्रमुख त्यांच्या टेनिसमधला. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. फोनवर ते मीनलचं कौतुक करत होते, आणि ते सगळं खरं होतं. पद्माकर मान खाली घालून ऐकत होता. त्याच्यासाठी चहा आला. गार होईपर्यंत तो कपाकडे बघत राहिला, आणि मग एका घोटात प्यायला.

मीनलला मुलाखतीचं बोलावणं आलं. तिने तिथे कधीतरी अर्ज टाकला होता, त्यामुळे तिला वाटलं, तोच कुणीतरी वाचला. कुणीतरी इंग्लंडचे मार्क बघितले. कितीतरी महिन्यांनी ती हसली, आईला मिठी मारली. निघताना बापाच्या खोलीच्या दारात थांबून म्हणाली, "बाबा, जाऊन येते." पद्माकर उठून दारापर्यंत आला. तिची बॅग त्याने उगाच सरळ केली.

ती दुपारी परत आली. पद्माकर स्वयंपाकघरात पातेलं घासत होता. ती दाराच्या चौकटीत उभी राहिली. उर्मिला भाजी निवडत होती, तिने हात थांबवला.

"तुम्ही विनायककाकांकडे गेला होतात?"

"हो."

"तिथल्या सरांनी मला बसायच्या आधीच सांगितलं. म्हणाले, परचुऱ्यांचा फोन आला होता, आता बाकी औपचारिक आहे. अर्ज उघडला पण नव्हता त्यांनी."

पद्माकरने नळ बंद केला. "नोकरी दिली ना?"

"दिली."

"मग झालं."

"का गेलात?"

तो पातेल्याकडे बघत राहिला. "सगळेच करतात," तो म्हणाला.

मीनल हसली. ते हसणं उर्मिलाला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

"राधिका हेच सांगत होती, बाबा. बाहेरच्या टेबलाशी. तेव्हा ते पाट्या टाकणं होतं."

"तेव्हा तुझ्या अंगात बळ होतं. मला वाटलं, तू काढशील."

"नाही निघालं."

"मला काय माहीत ते खरंच मोजत नाहीत."

"मी सांगितलं होतं. नियम दाखवला होता. तुम्ही वाचलात." ती आवाज चढवत नव्हती. "त्या सुट्टीत माझ्या जागी राधिकाने दुसरीला नेलं. मी खिडकीत बसून तुमचे सव्वीस मार्क शोधत होते."

पद्माकरचे हात साबणाचे होते. ते कुठे पुसावेत हे त्याला सुचेना.

"उद्या त्यांना नाही म्हणून कळवते," ती म्हणाली.

"मीनल, हट्ट करू नकोस. मी त्या माणसाच्या घरी जाऊन बसलो. माझं तोंड..."

"हट्ट नाही. मला घ्यावीशी वाटते. आत्ता येताना गाडीत सगळा वेळ तेच मनात होतं, की घ्यावी, कोण बघतंय. नाही घेता येत. तुम्ही माझं असं करून ठेवलंय की मला आता ते येतच नाही."

उर्मिला म्हणाली, "घे गं बाई. बापावरचा राग स्वतःवर काढू नकोस." मीनल आईजवळ खाली बसली आणि तिच्यासमोरची भाजी निवडायला लागली.   पद्माकरने नळ सुरू करून ते पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

तिने खरंच नाही म्हणून कळवलं. परचुऱ्यांना ते लागलं. मित्रापुढे त्यांचा शब्द वाया गेला. त्यानंतर मंडळात भेटले की ते पद्माकरला हळदणकर म्हणू लागले. विश्वकर्मा म्हणायचं बंद झालं. राधिका इंग्लंडला गेली. जाण्याआधी मीनलला भेटायला आली होती. दोघी खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांत बसल्या, आणि मीनल डोळे सुजवून वर आली. राधिका वाईट मुलगी नव्हती, हेच त्यातलं अवघड.

मीनलला जुरोंगला एका रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली, अर्ज करून, रांगेत बसून. येणाऱ्या पिंपांतला नमुना घ्यायचा, ठरलेल्या यंत्रात घालायचा, आकडा लिहायचा. पॉलिटेक्निकची मुलं ते काम करतात. पाळ्या होत्या. तिने सेंगकांगला एका मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये खोली घेतली. सेंगकांग जुरोंगपासून तोआ पायोहपेक्षाही लांब. जाण्यायेण्याच्या सोयीसाठी ती गेली असं कुणीच म्हणू शकलं नसतं, आणि कुणी म्हणालंही नाही. सामान न्यायला पद्माकर येतो म्हणाला. ती म्हणाली, दोनच पेट्या आहेत.

आता ती रविवारी जेवायला येते. वेळेवर येते, आईशी बोलते, ताट स्वतः घासून ठेवते, खालचं बूडसुद्धा. पद्माकर समोर बसतो. आठवडाभर तो काय काय विचारायचं ते मनात जमवतो. पाळी कुठली आहे, साहेब कसा आहे, इंग्लंडच्या बाईंचं पुन्हा काही आलं का. त्यातलं तो बहुतेक काही विचारत नाही. जेवण संपत आलं की एवढंच विचारतो, "काम कसं आहे?"

"चाललंय," मीनल म्हणते आणि भात कालवते.

पंचवीस वर्षं यार्डातून घरी येऊन या टेबलाशी बसलेला पद्माकरही, उर्मिलाने विचारलं की, हेच म्हणायचा. टाकीत माणूस गुदमरला त्या दिवशीही म्हणाला होता. पुढे काही विचारू नका, असा त्याचा अर्थ. उर्मिला तेव्हा पुढे विचारत नसे, वाढायला घेई.

तोही पुढे विचारत नाही.